एक वॉशर कमी

घरच्या गॅरेजमध्ये विमान बांधणारा माणूस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोणीतरी बेदरकार, घरच्यांनी आशा सोडून दिलेला गडी उभा राहतो. प्रत्यक्षात ही मंडळी अतिशय भित्री असतात. भित्री म्हणजे, कुलूप लावल्यावर ते तीनदा ओढून पाहणारी, गॅसचा कॉक बंद केला का म्हणून अर्ध्या जिन्यातून परत फिरणारी. विमान बांधायला घेतल्यावर माणसं अशी होतात, की मुळात अशीच माणसं विमान बांधायला घेतात, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आमचे दाजी आधीपासूनच तसे होते, एवढं ताईच्या साक्षीने सांगतो.

ताई-दाजी अमेरिकेत डेटनला राहतात. ओहायोतलं हे शहर राइट बंधूंचं. सायकली विकता-दुरुस्त करता त्या दोघा भावांनी इथेच विमानाचा ध्यास घेतला. त्यामुळे डेटनमध्ये एखाद्याला विमानाचा नाद लागला तर शेजारी चकित होत नाहीत, फार तर "दोन सीटांचं की चार?" एवढं विचारतात. दाजी मूळचे कोल्हापूरचे. वडिलांचा उद्यमनगरात लेथ होता, त्यामुळे लोखंडाचा कीस आणि कटिंग ऑइल यांचा वास त्यांना लहानपणापासून प्रिय. निवृत्त झाल्यावर लोक गुलाब लावतात. दाजींनी दोन माणसं बसतील असं अ‍ॅल्युमिनियमचं विमान आणलं, म्हणजे त्याचे तुकडे आणले. हे संच हप्त्याहप्त्याने घेता येतात. आधी शेपूट, मग पंख, मग धड. मी बँकेतून निवृत्त झालो आणि उन्हाळ्यात ताईकडे जाऊ लागलो तेव्हा शेपूट होऊन गेली होती आणि पंख चालू होते.

अमेरिकन कायदा या उद्योगाला परवानगी देतो ती एका अटीवर. विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी स्वतः केलेलं पाहिजे, आणि तेही केवळ शिक्षण किंवा करमणूक म्हणून. हे शब्द खरोखर नियमात आहेत. दोहोंपैकी नेमकं काय चाललं आहे ते गॅरेजमधून येणाऱ्या उद्गारांवरून ओळखता येतं.

पाहुणे आले की हटकून पंखाला हात लावतात आणि म्हणतात, "बापरे, एवढं मोठं!" दाजींना या वाक्याचं नेहमी नवल वाटतं. पंख मोठा आहे ही तर त्याची जमेची बाजू. तो हरवत नाही, कपाटाखाली घरंगळत नाही, डावा-उजवा लगेच ओळखू येतो, आणि दोघांनी धरला की उचलला जातो. छळतात त्या बारक्या जिनसा: नट, बोल्ट, वॉशर, रिवेट, स्प्लिट पिना. माणसाच्या बोटाची जाडी आणि विमानातल्या सांदीची रुंदी यांचा काही मेळ असावा, असं विमानाचा आराखडा काढणाऱ्यांच्या मनात कधी येत नसावं. मला विचाराल तर विमान बांधणं म्हणजे हात पोचत नाही तिथे नट बसवणं. उरलेलं सगळं रंगकाम.

छळाची सुरुवात नावापासून होते. आमच्या सांगलीत हार्डवेअरच्या दुकानात "पाव इंची बोल्ट द्या हो अर्धा डझन" म्हटलं की काम होतं. इथे प्रत्येक बोल्टाला लग्नाच्या स्थळासारखं गोत्र-प्रवर असतं. घराणं एएन, म्हणजे आर्मी-नेव्ही. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे अमेरिकेच्या लष्कराने आणि नौदलाने मिळून ठरवलेली ही मापं. एएन ३ म्हणजे ३/१६ इंच जाडीचा बोल्ट, एएन ४ म्हणजे ४/१६, म्हणजेच आपला पाव इंची. त्यापुढे डॅश देऊन लांबी, ती मात्र इंचाच्या आठव्या हिश्शात. डॅश ५ म्हणजे ५/८ इंच, डॅश ७ म्हणजे ७/८. आता यापुढे डॅश ८ यायला हवा की नको? येत नाही. सातानंतर एकदम दहा. कारण दहामधला एक हा पूर्ण इंच, आणि शून्य म्हणजे त्यावर एकही अष्टमांश नाही. अकरा म्हणजे एक पूर्णांक एक अष्टमांश. आठ आणि नऊ या आकड्यांशी लष्कराचं आणि नौदलाचं काय वाकडं होतं कोण जाणे, लांबीच्या मापात त्यांना जागाच नाही.

शेवटी कधीकधी ए हे अक्षर असतं. ए असेल तर बोल्टाच्या दांड्याला पिनेसाठी भोक पाडलेलं नाही. भोक असेल तर काहीच लिहायचं नाही. जे आहे त्याची नोंद नाही आणि जे नाही त्याला अक्षर, असा हिशोब मला अख्ख्या नोकरीत कुठल्या परिपत्रकात भेटला नव्हता.

एवढं पाठ केलं की रिवेट येतात. त्यांची जाडी इंचाच्या बत्तिसाव्या हिश्शात आणि लांबी सोळाव्या. म्हणजे बोल्टावरचा चार हा आकडा वेगळा आणि रिवेटवरचा चार वेगळा. एएन ४७० एडी ४-५ म्हटलं की दाजी ताबडतोब सांगतात: वर राहणारं डोकं, अमुक मिश्रधातू, जाडी १/८, लांबी ५/१६. झोपेत विचारलं तरी सांगतील. ताई म्हणते, विचारायला लागत नाही, झोपेत आपणहून सांगतात.

आता तो वॉशर. विमानाच्या पंखाला मागच्या कडेला एक हलती फळी असते, तिला एलेरॉन म्हणतात. विमान डावीकडे किंवा उजवीकडे कलतं ते तिच्यामुळे. ही फळी पंखाला टांगलेली असते. टांगण्याची जागा अशी: एका बाजूच्या कंसाला दोन कान, आणि दुसऱ्या बाजूचं बेअरिंग त्या दोन कानांच्या मध्ये. बेअरिंगच्या दोन्ही अंगांना थोडी फट राहते. त्या फटीत पातळ वॉशर भरायचे, सगळ्यांची भोकं एका ओळीत आणायची आणि एक बोल्ट आरपार घालायचा. पुस्तिकेत हे काम दीड ओळीत संपतं.

पातळ वॉशरची जाडी एक मिलिमीटरही नसते, आणि फट त्याच्या अंगाबरोबर. बोट जाण्याचा प्रश्नच नाही. चिमटा जातो, पण चिमटा गेला की वॉशर मावत नाही. वॉशर गेला तर उभा राहत नाही. उभा राहिला तर त्याचं भोक कानाच्या भोकाच्या जरा खाली उतरतं. दोन्ही भोकं जुळलीच, तर येणारा बोल्ट त्याला अदबीने पुढे ढकलतो. आणि या सगळ्या भानगडीत पलीकडच्या अंगाचा वॉशर आपली वाट पाहत थांबलेला असतो असं समजू नका, तो केव्हाच खाली गेलेला असतो.

या एका फटीसमोर बसून माणसांनी काय काय युक्त्या काढल्या आहेत! कोणी वॉशरला दाट ग्रीस फासून तो बेअरिंगला चिकटवतो. कोणी पातळ पट्टीच्या टोकाला सुपरग्लूचा ठिपका देऊन तिला वॉशर चिकटवतो आणि बोल्ट आत आला की पट्टी पिरगळून सोडवतो. कोणी वॉशरला दोरा बांधतो, म्हणजे पडला तरी परत ओढून घेता येतो. टोकाला खाच असलेल्या पट्ट्यांचा संच खास याच कामासाठी विकत मिळतो. दाजींनी तो आणला, सगळ्या पट्ट्या वापरून पाहिल्या, आणि अखेर ताईच्या केसांच्या पिनेवर येऊन स्थिरावले.

"म्हणजे हे विमान माझ्या पिनेवर उडणार?" ताईने विचारलं.

"पिनेवर नाही गं, वॉशरवर," दाजी म्हणाले, आणि हे ते गंमत म्हणून म्हणाले नव्हते.

एखादा वॉशर नसला तर काय बिघडतं, असं मी त्यांना सहज विचारलं होतं. दाजी चिडत नाहीत. ते समजावून सांगतात, आणि ते जास्त भीतिदायक असतं. वॉशर नाही म्हणजे कान आणि बेअरिंग यांच्यामध्ये जागा रिकामी. नट आवळला की कान आत वाकणार. वाकलेला पत्रा उडताना तासन्‌तास थरथरत राहणार. थरथरणाऱ्या पत्र्याला वाकल्या जागी आधी केसाएवढी चीर पडते. पुढचं त्यांनी सांगितलं नाही. त्यानंतरचा वॉशर मी त्यांना दोन्ही हातांनी दिला.

गॅरेजमध्ये मला कायमची जागा मिळाली ती पुढच्या कारणाने. जमिनीवर पडलेली वस्तू आणि विमानात पडलेली वस्तू यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. घरात स्क्रू पडला तर आपण म्हणतो, जाऊ दे, दुसरा घे. पंखात पडलेला नट तसा सोडता येत नाही. पंखाच्या पोटातून एलेरॉन हलवणारे दांडे जातात. सुटा नट विमानाबरोबर फिरत फिरत नेमका त्या दांड्याच्या वाटेत जाऊन अडकला, तर वैमानिकाच्या हातातली काठी जागची हलणार नाही. म्हणून सकाळी डब्यातून जितक्या वस्तू काढल्या तितक्या संध्याकाळी एक तर विमानाला लागलेल्या किंवा डब्यात परत आलेल्या दिसल्या पाहिजेत. हे ऐकल्यावर मी चष्मा पुसला. जन्मभर कॅशच्या काउंटरवर बसून मी दुसरं काय केलं होतं?

मी एक वही घातली. जमा, खर्च, शिल्लक. नट वेगळे, वॉशर जाड वेगळे, पातळ वेगळे. दाजींना आधी हा पोरखेळ वाटला. मग एका संध्याकाळी एक पातळ वॉशर कमी भरला आणि बँकेत रोकड जुळली नाही की जी शांतता पसरते ती मला त्या परक्या देशात पुन्हा ऐकू आली. दाजींनी बॅटरी घेतली, दंतवैद्याकडचा असतो तसला आरसा घेतला, दांडीवरचा लोहचुंबक घेतला. वॉशर पोलादी, चुंबकाला चिकटायला हवा. पंखाचं एकेक झाकण उघडून झालं. मग पंख उभा करून हलवला, कान लावून ऐकला, आडवा केला, परत उभा केला. ताई दोनदा जेवायला बोलावून गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा ती काही बोलली नाही. सुटे भाग ठेवायची आमची चुंबकाची वाटी होती, ती तिने उचलली आणि उपडी केली. या वाटीच्या तळालाच चुंबक असतो. वॉशर बाहेरून बुडाला चिकटलेला होता.

"आता जेवा," ताई म्हणाली. मी वहीत शिल्लक बरोबर करून मगच उठलो.

ताई या विमानात केवळ जेवायला बोलावण्यापुरती नाही. ती शाळेत गणिताची शिक्षिका होती आणि दाजींची रिवेटवरची जोडीदार आहे. धातूच्या अशा छोट्या विमानात दहा हजारांच्या वर रिवेट लागतात. प्रत्येकासाठी भोक पाडायचं, भोकाच्या कडेचा कीस काढायचा, स्प्रिंगच्या तात्पुरत्या पिनांनी पत्रे जागेवर धरायचे, आणि मग एकाने बाहेरून हवेच्या बंदुकीने रिवेटच्या डोक्यावर ठोकायचं, तर दुसऱ्याने आतून त्याच्या शेपटीशी पोलादी ठोकळा धरायचा. शेपूट ठोकळ्यावर चेपून तिची टिकली होते. टिकलीचंही माप असतं: रुंदी रिवेटच्या जाडीच्या दीडपट, उंची निम्मी. ठोकणाऱ्याला ती टिकली दिसत नाही, आणि बंदुकीच्या आवाजात काही ऐकूही येत नाही. दोघांच्या मध्ये पत्रा.

यावर जुन्या विमान कारखान्यांनी एक भाषा काढली होती. ठोकळेवाल्याने पत्र्यावर टकटक करायची. एक टक म्हणजे अजून बसला नाही, परत ठोका. दोन म्हणजे छान. तीन म्हणजे बिघडला, काढून टाका. अमेरिकन विमान मेकॅनिकांच्या सरकारी पुस्तकातही ही खूण दिलेली आहे. ताई-दाजींनी ती घेतली आणि त्यांच्या संसारात एक नवं पर्व सुरू झालं. पंखाच्या पोटात हात घालून बसलेली ताई, तिचा चेहरा दिसत नाही, फक्त निर्णय ऐकू येतात. टक. टक टक. टक टक. आणि मग, अधूनमधून, सावकाश, टक टक टक. शाळेतल्या मुलांना तिने कधी अर्धा गुण दिला नव्हता, तर नवऱ्याला कुठून देणार? दाजी म्हणायचे, "अगं, जरासाच तिरका असेल." आतून पुन्हा टक टक टक.

या पद्धतीची शिफारस मी भारतातल्या दोन-तीन जोडप्यांना केली आहे. त्यांच्याकडे विमान नाही, पण भिंती आहेत.

बिघडलेला रिवेट काढणं हे बसवण्याहून नाजूक. डोक्याच्या बरोबर मध्यावर ड्रिल टेकवायचं, डोक्यापुरतंच खोल जायचं, डोकं उडवायचं आणि दांडा मागून अलगद बाहेर काढायचा. हात हलला की भोक मोठं होतं, मग तिथे मूळ मापाचा रिवेट बसत नाही. त्यासाठीही तोड आहे: दांडा एक माप जाड पण डोकं आधीच्याच मापाचं, असा एक रिवेट मिळतो, म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला फरक कळत नाही. विमानं बांधणारे त्याला चारचौघांत "उप्स रिवेट" म्हणतात आणि त्याची एक पुडी प्रत्येकाच्या खणात असते. ती जवळ नाही असं जो सांगेल त्याच्या विमानात मी बसणार नाही.

नट आवळण्याच्या बाबतीत दाजींना उद्यमनगर विसरावं लागलं. आपल्याकडे नियम असा की हात दुखेपर्यंत आवळायचा, मग पान्याला पाइप लावून आणखी अर्धा फेरा. विमानातल्या ३/१६ इंची बोल्टाचा नट आवळायचा तो २० ते २५ इंच-पौंडांपर्यंत. म्हणजे एक इंच लांब पान्याच्या टोकाला २५ पौंड, किंवा दहा इंची पान्याच्या टोकाला अडीच. नुसता करंगळीचा जोर. त्याहून जास्त आवळला तर बोल्ट ताणला जातो, कमी आवळला तर सैल राहतो. टॉर्कचा पाना त्या आकड्यावर कट्‌कन वाजतो, आणि मग नटापासून बोल्टापर्यंत नारिंगी लाखेची एक रेघ ओढायची. पुढे कधी पाहिलं आणि रेघ तुटलेली दिसली, तर नट हललेला आहे. दाजींना ही रेघ इतकी आवडली की एके दिवशी ती कुकरच्या दांडीच्या स्क्रूवर दिसली. मग दाराच्या बिजागऱ्यांवर. ताईच्या चष्म्याच्या काडीवर आली तेव्हा ताईने लाखेची बाटली लपवली.

आणि ज्या नटाला पिन घालायची असते, त्याचं दुःख आणखी निराळं. अशा नटाला वर खाचा असतात आणि बोल्टाला भोक. नट बरोबर आवळला की खाच आणि भोक समोरासमोर यायला हवीत. ती येत नाहीत. थोडं जास्त आवळलं तर खाच पुढे निघून जाते. मग नट काढायचा, खालचा जाड वॉशर काढून पातळ घालायचा, किंवा उलट. म्हणजे फिरून वॉशर, आणि माझ्या वहीत आणखी एक खाडाखोड.

सैल होणारा नट हे विमानाचं जन्मापासूनचं दुखणं आहे. १९०३ च्या नोव्हेंबरात राइट बंधू किटी हॉकच्या वाळूत बसले होते. विमान तयार, इंजिन चालू, आणि पंखे फिरवणाऱ्या दांड्यांवरची साखळीची दातेरी चाकं काही केल्या घट्ट राहीनात. नट आवळावेत, इंजिन चालवावं, नट सैल. शेवटी त्यांनी सायकलच्या दुकानातली युक्ती केली. सायकलीचा टायर रिमला चिकटवायचा जो कडक लुकण असतो तो वितळवून आट्यांत भरला आणि नट फिरवून बसवले. ते पुन्हा सुटले नाहीत. १७ डिसेंबरला विमान १२ सेकंद उडालं आणि १२० फूट गेलं. पंखांचा आकार, हवेचा बोगदा, तोल सांभाळण्याची युक्ती यांवर ग्रंथच्या ग्रंथ आहेत, आणि ते असायलाच हवेत. पण त्या लुकणाचा एखादा पुतळा डेटनमध्ये असायला हरकत नव्हती.

आट्यांत भरायचा आजचा द्रव, हवा मिळेनाशी झाली की घट्ट होणारा, तो हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या व्हर्नन क्रीबल या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने १९५३ मध्ये काढला. त्याच वर्षी विस्कॉन्सिनमध्ये पॉल पोबेरेझ्नी यांनी हौशी विमान बांधणाऱ्यांची संघटना स्थापन केली, जिच्या ऑशकॉशच्या मेळ्याला आज जगभरातून लोक विमानं घेऊन जातात. दोन्ही गोष्टी एकाच साली झाल्या हा योगायोगच, पण दाजींना तो योगायोग वाटत नाही.

हे सगळं फाजील आहे, असं ज्यांना वाटत असेल त्यांच्यासाठी दाजी एक गोष्ट राखून ठेवतात. १० जून १९९०. बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागाला निघालेलं बीएसी वन-इलेव्हन जातीचं प्रवासी विमान. १७ हजार फुटांवर वैमानिकासमोरची काच निखळून उडाली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. विमानातल्या कर्मचाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउदम्प्टनला उतरवलं. सगळे वाचले, कॅप्टनसुद्धा, आणि काही महिन्यांनी तो पुन्हा उडायला लागला. चौकशीत निघालं ते असं: आदल्या दिवशी पहाटे काच बदलली होती. तिला ९० बोल्ट. त्यांतले ८४ जाडीला इंचाच्या २६ हजारांश कमी, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जरासे जास्त, आणि उरलेले ६ लांबीला तोकडे. नवे बोल्ट निवडताना जुने शेजारी धरून नुसत्या नजरेने जुळवले होते. अर्धा-पाऊण मिलिमीटर नजरेला काय दिसणार? त्या गोत्र-प्रवराची मी केलेली थट्टा हे ऐकल्यावर मी मागे घेतलेली नाही, पण डब्यांवरची लेबलं मात्र मी दुसऱ्यांदा वाचतो.

उलट टोकाचेही लोक होऊन गेले. १९३०च्या दशकात फ्रान्समधल्या आँरी मिन्ये यांनी एक चिमुकलं विमान काढलं आणि लोकांना सांगितलं की खोकं ठोकता येणाऱ्याला हे जमेल. त्या विमानाचं नाव त्यांनी ठेवलं आभाळातली ऊ. इंग्लंड-फ्रान्समध्ये लोकांनी हौसेने उवा बांधल्या. काही जीव गेले तेव्हा कळलं की दोष खिळ्यांचा नव्हता, पंखांच्या रचनेचा होता, आणि तिच्या उडण्यावर बंदी आली. तरीही दाजी मिन्येंचा उल्लेख आदराने करतात. माणूस चुकला, पण त्याने गॅरेजांची दारं उघडली, असं त्यांचं मत. मला ते जरा उदार वाटतं.

आपल्याकडचं उदाहरण त्यांच्या अधिक जवळचं. कांदिवलीला चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनांचं विमान बांधलं. २०१६ मध्ये मुंबईत मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं, आणि उडवण्याचा परवाना हातात यायला २०१९ उजाडलं. त्या विमानाबद्दल वर्तमानपत्रांत खूप आलं: पैसा कुठून उभा केला, नियमांची अडचण काय होती, गच्चीवरून ते खाली कसं आणलं. माझ्या डोक्यात दुसराच प्रश्न. गच्चीत हातातून नट सुटला आणि कठड्यावरून खाली गेला, तर तो शोधायला किती मजले उतरावे लागत असतील? आणि खाली रस्त्यावर माणसांची, रिक्षांची वर्दळ. दाजींना डेटनमध्ये फार तर कपाट सरकवावं लागतं. मुंबईतल्या माणसाचं धैर्य आम्ही दोघांनी एकमताने मोठं मानलं.

दाजींचं विमान उडालं तेव्हा मी सांगलीत होतो. त्याआधी अधिकारी येऊन तपासून गेला होता. त्याने पंखाचं कौतुक केलं नाही, सरळ गुडघे टेकून बॅटरी पेटवली आणि नटांवरच्या नारिंगी रेघा पाहत सुटला. दाजींना माणूस फार आवडला. अशा विमानाला सुरुवातीचे काही तास, साधारण २५ ते ४०, ठरवून दिलेल्या हद्दीत आणि बहुधा एकट्यानेच उडवावं लागतं, बरोबर हौशे-गवशे चालत नाहीत. फोनवर मी ताईला विचारलं, कसं झालं?

"उडालं," ताई म्हणाली. "उतरलं. आता झाकणं उघडून आत बघत बसलेत."

"काही सापडलं का?"

"सगळं जिथल्या तिथे आहे. त्याचंच त्यांना विशेष वाटतंय."

दर बारा महिन्यांनी या विमानाची पुरी तपासणी करावी लागते. त्यासाठी सगळी झाकणं उघडायची, आत शिरायचं, प्रत्येक नट पाहायचा. ज्याने विमानाचं बहुतेक काम स्वतः केलं त्याला ही तपासणी स्वतःच करण्याचा दाखला सरकारकडून मिळतो. म्हणजे ज्याने एवढ्या हालअपेष्टांत तो नट तिथे बसवला, त्यालाच तो दरवर्षी पाहायला जाण्याचा हक्क. दाजींना असा दाखला मिळाला आहे आणि तो त्यांनी लग्नाच्या फोटोशेजारी लावला आहे.

यंदाची तपासणी मे महिन्यात आहे. दाजींची बोटं वयाने जाड झाली आहेत, माझी पहिल्यापासूनच जाड आहेत, आणि ताईने सांगून ठेवलं आहे की ती फक्त तीन टकटक करायला येईल. तेव्हा वाचकांपैकी कोणी त्या सुमारास ओहायोत असेल, बोटं सडपातळ असतील आणि स्वभाव चिडका नसेल, तर अवश्य यावं. जेवण चांगलं मिळेल. येताना शर्टाला खिसे नसावेत, आणि जाताना माझ्या वहीत सही करून जावं.